गाणं थांबवण्याचा हक्क

त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झालं. पाटील, कुलकर्णी आणि बारा बलुतेदार यांच्यामागून त्यात अलुतेदारांची यादी येते. तेली, तांबोळी, साळी, शिंपी, माळी अशी नावं वाचत जावं, तर त्यांच्याच रांगेत गोंधळी, डवऱ्या, भाट, वाजंत्री, घडशी आणि कलावंत भेटतात. तेल गाळणारा, कपडे शिवणारा आणि संबळ वाजवणारा एका रांगेत. खळ्यावर धान्याची रास पडली की तिघांचाही तिच्यात कमीजास्त वाटा. कलेबद्दल लिहिणाऱ्यांनी ही यादी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. मला ती फार मोलाची वाटते. प्रतिभा, साधना, रसिकता यांतला एकही शब्द तिथे नाही. कलावंताला गावानं काम नेमून दिलेलं आहे, एवढंच तिथे कळतं.

हे काम कोणतं, ते गोंधळ्याकडे पाहिलं की लक्षात येतं. लग्न लागलं, वऱ्हाड परतलं, सून घरात आली, तरी ज्या घराण्यात गोंधळाचा कुळाचार आहे तिथे कार्य पुरं झालेलं नसतं. रात्री अंगणात चौरंग मांडतात, त्यावर नवं वस्त्र, वस्त्रावर तांदळाचा चौक, मधोमध कलश, भोवती विड्याची पानं, खोबऱ्याच्या वाट्या, हळकुंडं, सुपाऱ्या. वर उसाचं नाहीतर ज्वारीच्या ताटांचं मखर. गोंधळ्याच्या गळ्यात कवड्यांच्या माळा, अंगात पायघोळ झगा; एका साथीदाराच्या कमरेला संबळ, दुसऱ्याच्या हाती तुणतुणं, आणि पेटती दिवटी. गण झाला की आवाहन सुरू होतं. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडेराय, पंढरीचा विठोबा आणि मग त्या घराच्या मूळ गावचे लहानसहान देव एकेक करून नावानं बोलावले जातात. हे बोलावणं दुसऱ्या कुणी केलेलं चालत नाही. घरातली आजी गोड गळ्याची असेल, धाकट्यानं संगीतात पदवी घेतलेली असेल, पण देवांना हाक मारायचा अधिकार गोंधळ्याचा. मग उत्तररंगात तो आख्यान लावतो, सवालजवाबांनी मंडळींना हसवतो, रात्र जागवतो. लोकांना आठवतं ते आख्यान. पण घराला त्याची गरज असते ती आवाहनासाठी.

त्याच गोंधळ्याला राजदरबारीही काम होतं. १६५९ साली अफजलखान मारला गेला, त्या प्रसंगावरचा पोवाडा रचणारा अज्ञानदास गोंधळीच. बक्षीस म्हणून त्याला घोडा आणि शेरभर सोन्याचा तोडा मिळाल्याचा उल्लेख त्याच पोवाड्यात आहे. वर्तमानपत्र नसलेल्या मुलखात झालेली गोष्ट गावोगाव पोचवायची, तिला अर्थ लावून द्यायचा आणि ती लोकांच्या स्मरणात ठेवायची, हे राज्यालाही हवंच होतं.

नेमून दिलेलं काम म्हटलं की त्याचा मोबदला काय, हे आपण लगेच विचारतो. त्या कलावंताला नाही म्हणता येत होतं का, हे क्वचितच विचारतो. वेगवेगळ्या समाजांतल्या कलावंतांविषयी वाचताना, ऐकताना मला हा दुसरा प्रश्नच अधिक खोलवरचा वाटत आला आहे. कलावंताला समाजात मान आहे की त्याला जुंपलेलं आहे, हे बक्षिसाच्या रकमेवरून कळत नाही. त्यानं गाणं थांबवलं तर पुढे काय होतं, यावरून ते कळतं.

डहाणू-तलासरीकडच्या वारली घरात लग्न ठरलं की भिंत सारवून गेरूनं रंगवतात. तांदूळ भिजवून वाटतात, त्या पांढऱ्या पिठीत बांबूची टोक ठेचलेली काडी बुडवून सवाष्णी भिंतीवर चौक लिहितात. आधी चौकट, तिच्या नक्षीच्या पट्ट्या, चंद्र, सूर्य, फणी, शिडी आणि मधोमध पालघट देवी. शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. हात चालू असतात तेव्हा गाणीही चालू असतात, आणि भगताच्या अंगात वारं येतं तेही याच वेळी. देवी चौकात येऊन बसली तरच लग्न पुढे सरकणार. हे लग्न लावते धवलेरी. तीही गाऊनच लावते. ब्राह्मण नाही, पोथी नाही; तिच्या तोंडची गाणी हाच विधी. लग्न उरकलं की त्या भिंतीकडे कुणी जपून पाहत नाही. धूर, ओल, पाऊस यांनी चौक पुसट होतो आणि पुढच्या लग्नाला नव्यानं लिहिला जातो. तो कुणी लिहिला, हे कुठे नोंदलं जात नाही.

या चित्रांमागे एक भयंकर वास्तव होतं आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लग्नगड्यांविषयी लिहिलं आहे. लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून उचल घ्यायची आणि ती फेडण्यासाठी नवराबायकोनं त्याच्या दारात राबायचं. फिटता फिटायची नाही अशी ती उचल. म्हणजे ज्या भिंतीवर पालघट देवी बसायची, त्याच घरातलं नवं जोडपं दुसऱ्या दिवसापासून वेठीला लागायचं. १९४५ साली किसान सभेच्या झेंड्याखाली वारल्यांनी वेठीला नकार दिला. सवाष्णींचा चौक आणि हा नकार, दोन्ही एकाच समाजाचे आहेत. वारली चित्रांच्या देखण्या पुस्तकांत मात्र पहिलीच गोष्ट येते, याचं मला वाईट वाटतं.

सत्तरीच्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, त्यांनी कागद आणि रंग दिले, आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे चित्रं काढू लागले. लग्नाशिवाय, विधीशिवाय, रोज. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. मशे यांची कागदावरची जाळी, मुंग्यांसारखी माणसं, पाण्यासारखं पसरत जाणारं शेत पाहिलं की हा माणूस मोठा चित्रकार होता याविषयी शंका राहत नाही. पण एक बदल झाला. चौक लिहिणाऱ्या बायका होत्या. कागदावर सही करणारे बहुतेक पुरुष झाले. विधीचा अधिकार बायकांकडे राहिला आणि बाजाराचं नाव पुरुषांकडे गेलं. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. सवाष्णीला त्यातून काय मिळालं, हे कुणीतरी पाड्यापाड्यावर जाऊन विचारायला हवं.

राजस्थानच्या वाळवंटात कलावंताचा नकार हा रीतीचाच एक भाग होता. जैसलमेर-बाडमेरकडचे मांगणियार मुसलमान आहेत, आणि त्यांचे जजमान मुख्यतः हिंदू राजपूत. जजमानाच्या घरी मूल जन्मलं, लग्न निघालं, माणूस गेलं, की मांगणियार हजर. कमायचा छातीशी धरायचा, गजानं तो बोलता करायचा आणि जजमानाच्या पूर्वजांची नावं पिढीमागून पिढी घेत जायचं. आंब्याच्या लाकडाचा, वर बकऱ्याचं कातडं ताणलेला तो रुंद पोटाचा कमायचा वाजू लागला की एखाद्या वयस्क माणसानं घसा खाकरून बोलायला सुरुवात करावी तसं वाटतं. हमीरा गावचे साकर खान तो वाजवत, २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जजमानाची वंशावळ त्याच्या स्वतःच्या घरात नसते, ती मांगणियाराच्या डोक्यात असते. बदल्यात धान्य, जनावर, कपडा, रोख नेग, आणि ही देणी वडिलोपार्जित. वडिलांचे जजमान मुलांमध्ये शेतासारखे वाटले जातात.

जोधपूर जिल्ह्यातल्या बोरुंदा गावी कोमल कोठारी आणि विजयदान देथा यांनी १९६० मध्ये रूपायन संस्थान सुरू केलं आणि हे सगळं संचित नोंदवायला घेतलं. कोठारींनी गाण्यांच्या जोडीनं हे नातंही बारकाईनं समजून घेतलं. जजमानानं देणं चुकवलं, अपमान केला, तर मांगणियार त्याला सोडचिठ्ठी देऊ शकत होता. तो गेला की त्या घरचं मंगलकार्य मुकं. दुसरा मांगणियार त्या उंबऱ्यावर उभा राहायचा नाही, कारण आज त्याच्यावर जी वेळ आली ती उद्या आपल्यावर येईल हे त्याला ठाऊक असायचं. राजपूताना आणि गुजरातेतल्या चारणांकडे तर याहून भयंकर अस्त्र होतं. चारणाला जामीन ठेवून दिलेला शब्द कुणी मोडला, तर तो त्याच्या दारी त्रागा करायचा. स्वतःच्या अंगावर शस्त्र चालवायचा, प्रसंगी जीव द्यायचा. ते पाप शब्द मोडणाऱ्याच्या माथी. कवीच्या रक्ताला राजे घाबरत, म्हणून करारमदारात कवी साक्षीला असायचा.

पण सोडचिठ्ठी चालायची ती दोन्ही बाजूंनी रीत मानली जात होती म्हणून. २०१७ च्या सप्टेंबरात जैसलमेर जिल्ह्यातल्या एका गावात एका मांगणियार गायकाचा मृत्यू झाला. देवी अंगात यावी म्हणून भोपा, म्हणजे देवीचा पुजारी, त्याच्याकडून गाऊन घेत होता. गाणं नीट झालं नाही म्हणून त्याला मारहाण करून ठार केल्याचा आरोप झाला आणि भोप्याला अटक झाली. त्यानंतर त्या गावातली मांगणियार कुटुंबं घरं सोडून निघून गेली. देवीला बोलावण्याचं सामर्थ्य ज्याच्या गळ्यात आहे असं सगळा गाव मानतो, त्याचा जीव इतका स्वस्त असू शकतो. परदेशातल्या महोत्सवांत कमायच्याला उभं राहून टाळ्या मिळतात त्याच काळातली ही गोष्ट आहे.

पश्चिम आफ्रिकेत, माली-गिनीच्या मांदे मुलखात, हा सगळा विचार अधिक उघडपणे मांडलेला आहे. तिथे जेली नावाची घराणी आहेत. फ्रेंचांनी त्यांना ग्रिओ म्हटलं. लोहार, चर्मकार आणि जेली हे जन्मानं कारागीर, सरदार घराण्यांपासून वेगळे. जेलीचं कौशल्य शब्दात. सरदार सभेत हलक्या आवाजात बोलतो, जेली ते मोठ्यानं आणि सजवून सगळ्यांना ऐकवतो. लग्नाची बोलणी तो करतो, भाऊबंदकीत मध्यस्थी तो करतो, वंशावळ तो सांभाळतो. सरदारानं त्याला द्यायचं, आणि त्यानं मागायला लाजायचं नाही. सरदाराला न शोभणारं खरं बोलणंही त्याच्याच वाट्याचं.

माली साम्राज्याचा संस्थापक सुंदियाता केइता याचं आख्यान हे या जेलींचंच धन. १९६० मध्ये इतिहासकार जिब्रिल तामसिर नियान यांनी जेली मामादू कुयाते यांच्या तोंडून ऐकलेलं आख्यान फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केलं, तेव्हा ते जगभर पोचलं. त्यातला एक प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. सुंदियाताचा जेली बाला फासेके हा सोसोचा राजा सुमाओरो याच्या ताब्यात सापडतो. राजा बाहेर गेलेला असताना बाला त्याच्या गुप्त दालनात शिरतो आणि तिथला बालाफोन वाजवतो. त्या वाद्याला राजाखेरीज कुणी हात लावायचा नाही. सुमाओरो संतापून परततो. बाला त्या क्षणी त्याचीच स्तुती रचून गातो. राजा निवळतो आणि म्हणतो, आता तू माझा जेली. सुंदियाता आणि सुमाओरो यांच्यातलं युद्ध मग टळत नाही. १२३५ च्या सुमारास किरीनाची लढाई होते आणि माली साम्राज्य उभं राहतं. एका राजाचा कवी दुसऱ्यानं बळकावणं हे आख्यानकारांना युद्धाला पुरेसं कारण वाटलं. आणि बालानं जीव वाचवला तो गाऊन. तिथे त्याला गाणं थांबवायची मुभाच नव्हती.

तोच म्हणून मानला जाणारा बालाफोन, सोसो-बाला, गिनीतल्या नियागासोला गावी कुयाते घराणं आजही सांभाळतं. दीड मीटर लांब, लाकडाच्या वीस पट्ट्या, खाली भोपळे. तो वाजवायचा अधिकार घराण्यातल्या प्रमुखाचा, तोही इस्लामी नववर्षाला किंवा काही ठराविक अंत्यविधींना. युनेस्कोनं २००१ मध्ये त्याला मानवतेच्या वारशात स्थान दिलं. माझ्या मते त्याचं खरं रक्षण केलं ते या संयमानं. कुणाही पाहुण्यासाठी तो वाजवून दाखवला जात नाही.

जन्मावरून काम ठरलं की भिंत दोन्ही बाजूंनी असते. सालिफ केइता यांचा जन्म १९४९ चा, आणि घराणं सुंदियाताच्या केइतांचं. सरदाराच्या मुलानं गाणं म्हणजे कुळाला बट्टा. केइतांसाठी जेलींनी गायचं, केइतांनी कुणासाठी गायचं नाही. शिवाय ते जन्मतः वर्णहीन त्वचेचे, त्यामुळे लोकांच्या नजरेत अशुभ. घरच्यांचा विरोध पत्करून ते बामाकोत आले आणि रेल्वे स्थानकाच्या हॉटेलात वाजवणाऱ्या रेल बँडमधून गाऊ लागले. आज त्यांचा आवाज जगाला माहीत आहे. जेलीला जसं थांबता येत नव्हतं, तसं केइतांना सुरू करता येत नव्हतं.

आपल्याकडची ही भिंत जातीची, आणि तिच्या तळाशी असलेल्या कलावंताला नकाराचा हक्क कधीच नव्हता. गावच्या जत्रेत, लग्नाच्या वरातीत, मयताच्या पुढे हलगी कडाडली पाहिजे. ती वाजवायची मांगानं. तिच्याशिवाय देवाची पालखी हलायची नाही, आणि वाजवणाऱ्याला त्याच देवळाची पायरी चढता यायची नाही. तमिळ मुलखात परै या वाद्याचं तेच. वरच्या जातींच्या अंत्ययात्रेत परैयरांनी परै वाजवणं हे सक्तीचं, आणि नाही म्हटलं तर मारहाण, बहिष्कार. मांगणियाराच्या सोडचिठ्ठीमागे सगळी जमात उभी राहायची. इथे सगळा गाव समोर उभा राहायचा.

म्हणून आंबेडकरी चळवळीत वाजवणं सोडणं ही मोठी कृती ठरली. १९२७ च्या महाड सत्याग्रहानंतर अनेक गावांतल्या महारांनी गावकीची हीन ठरवलेली कामं टाकली. याच काळातला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. ब्राह्मण घरात जन्मलेले आणि पवळा या महार नर्तकीच्या साथीनं तमाशाचा फड गाजवणारे पठ्ठे बापूराव यांनी खेळांचं उत्पन्न बाबासाहेबांच्या कार्यासाठी देऊ केलं. बाबासाहेबांनी ते घेतलं नाही. महार स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा त्यांच्याच मुक्तीसाठी वापरायचा, हे त्यांना मान्य नव्हतं. बापूरावांच्या लावणीवर प्रेम असूनही मला तो निर्णय पटतो.

पण त्या समाजानं गाणं सोडलं नाही. तमाशातला गण घेतला, बतावणी घेतली, ढोलकी घेतली, आणि कृष्ण-गवळणीच्या जागी शाळा, पाणवठा, सावकार, बुवाबाजी आणली. नाशिककडचे भीमराव कर्डक यांचा जलसा १९३० च्या दशकात गावोगाव फिरला. पुढे वामनदादा कर्डक आले. १९२२ ते २००४ या आयुष्यात त्यांनी किती गाणी रचली असतील याची गणती अवघड आहे. हा कलावंत कुणाच्या दारी उभा राहत नव्हता. तो आपल्याच माणसांसमोर उभा होता आणि पोटाला भाकरी तीच माणसं देत होती. दिंडिगुलच्या शक्ती लोककला केंद्रातल्या दलित तरुणी आज परै कमरेला बांधून नाचत वाजवतात. बायकांनी कधी न वाजवलेलं, मयताचं म्हणून हिणवलेलं हे वाद्य त्यांनी स्वतःहून निवडलं आहे.

गोव्यातली गोष्ट मराठी वाचकाला अधिक जवळची, तरी पुरती न सांगितलेली. तिथल्या मोठ्या देवळांत कलावंत घराण्यांची सेवा होती. पालखीपुढे गाणं, नाचणं, उत्सवात बैठक. मुलगी मोठी झाली की तिचा शेंसाचा विधी व्हायचा आणि ती देवाची व्हायची; प्रत्यक्षात कुणा यजमानाच्या आश्रयाला जायची. ख्याल आणि ठुमरी ज्या गळ्यांनी जपली त्यांना लग्नाचा, वारशाचा, साध्या गृहस्थपणाचा हक्क नव्हता. राजाराम पैंगीणकर याच समाजातले. त्यांनी ही प्रथा बंद करण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चळवळ उभारली. ‘मी कोण?’ हे त्यांचं आत्मचरित्र १९६९ मध्ये आलं. आज आपण गोमंतक मराठा समाज म्हणतो तो या नकारातून घडला. मुलींना शाळेत घातलं, लग्नं लावली, देवळातली सेवा सोडली.

आणि गाणं? ते देवळातून निघून मैफलीत आलं. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. दोघी अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, आणि दोघींनी तालीम मिळवण्यासाठी जे सोसलं ते वाचताना अंगावर काटा येतो. केसरबाईंचे नकार तर दंतकथाच झाले. आकाशवाणीला नकार, ध्वनिमुद्रणाला बहुतेक वेळा नकार, ध्वनिक्षेपकाला नाखुशी, शिकवायला जवळजवळ नकारच. धोंडूताई कुलकर्णी हा ठळक अपवाद. साठच्या दशकात आवाज पूर्वीसारखा राहिला नाही असं त्यांना वाटलं आणि त्यांनी जाहीर गाणंच थांबवलं. अनेकांनी याला अहंकार म्हटलं. मला यात त्यांच्या आधीच्या पिढ्यांचा हिशेब दिसतो. ज्यांच्या आयांना, आज्यांना उत्सवाच्या रात्री गायला नाही म्हणता आलं नाही, त्यांच्यातली एक बाई कधी गायचं, कुणापुढे गायचं आणि कधी थांबायचं हे स्वतः ठरवत होती. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर त्यांची भैरवी आहे, हे सगळे सांगतात. त्यांनी न गायलेल्या मैफलींचा मान त्याहून कमी नाही.

आज राज्यात वृद्ध कलावंतांसाठी मानधन योजना आहे आणि ती हवीच. अडचण येते ती कागदांची. नाटक, कीर्तन, तमाशा यांची पत्रकं असतात, कात्रणं असतात. चाळीस वर्षं लोकांच्या अंगणात देवांना हाक मारणाऱ्या गोंधळ्यानं कोणतं कात्रण जोडायचं? ज्या चौकावर सही नव्हती तो लिहिणाऱ्या सवाष्णीनं कोणतं? ग्रामपंचायतीनं, कुळाचार असलेल्या घरांनी, लग्न लावून घेणाऱ्या कुटुंबांनी दिलेला दाखला पुरावा म्हणून धरला पाहिजे. त्यांच्या कामाचे खरे साक्षीदार तेच आहेत.

गोंधळाची रीत अजून चालू आहे, फक्त व्यवहार बदलला आहे. सुगीचा वाटा गेला, आता सुपारी असते. तारीख, बिदागी, साथीदार, जायची-यायची गाडी, कर्ण्याची सोय, सगळं फोनवर आधी ठरतं. जुन्या यजमानांना हे रुक्ष वाटतं. पूर्वी नुसता निरोप धाडला की गोंधळी यायचा, असं ते हळहळून सांगतात. येत होता, कारण न येणं त्याच्या हातात नव्हतं. आता लग्नसराईत एकाच तारखेला तीन घरची बोलावणी आली तर तो दोघांना सरळ सांगतो, या तारखेला जमणार नाही, पुढचा मंगळवार धरा. आणि घरची मंडळी मंगळवार धरतात.